डासाचा दंश आणि आपली नखे

गेल्या वर्षी गणपतीस चार दिवस उरले असताना, गुहागर तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित घराच्या पडवीत दिवेलागणीच्या सुमारास मी बसलो होतो. पावसाने नुकतीच उघडीप दिली होती, आगरातल्या पोफळींच्या बुंध्यांशी पाणी साचून राहिले होते आणि गोठ्याच्या बाजूने डासांची ती परिचित बारीक गुणगुण सुरू झाली होती. त्यांतील एक डास माझ्या डाव्या मनगटावर येऊन बसला, तेव्हा सवयीने उचललेला उजवा हात मी तसाच रोखून धरला आणि त्याचे कार्य शेवटपर्यंत पाहावयाचे असे ठरविले. मागचे दोन पाय वर उचलून, सोंडेने त्वचा दोन ठिकाणी चाचपून पाहून, तिसऱ्या ठिकाणी त्याने ती रोवली. टोचल्याची जाणीव जवळजवळ झालीच नाही. मग त्याचे करडे, चपटे पोट डाळिंबाच्या दाण्यासारखे तांबडे व तुडुंब होत गेले, आणि दोन-अडीच मिनिटांनी आपल्याच पोटाच्या भाराने अडखळत तो उडून तुळईच्या आडोशास जाऊन बसला. थोड्या वेळाने त्याच हातावर, कोपराच्या अलीकडे, दुसऱ्या एका डासासही मी अशीच मुभा दिली. असला प्रयोग वाचकांनी करू नये, अशी माझी स्पष्ट ताकीद आहे, कारण डासाच्या सोंडेतून जे येते त्यात खाजेहून कितीतरी गंभीर गोष्टी असू शकतात. परंतु त्या संध्याकाळी मला जे कळले ते सांगितल्यावाचून पुढील मार्गदर्शनास आधार मिळावयाचा नाही.

मनगटावरच्या दंशास नखाचा स्पर्शदेखील होऊ द्यावयाचा नाही आणि कोपराजवळच्या दंशास मात्र हवे तितके खाजवून घ्यावयाचे, असा मी नियम केला होता. पाचेक मिनिटांत दोन्ही ठिकाणी फिकट, मध्ये किंचित उंच आणि भोवती लालसर अशी हरभऱ्याएवढी गांध उठली. मनगटाची खाज पहिली वीस मिनिटे इतकी अनावर होती की, मला उजवा हात मांडीखाली दाबून बसावे लागले. परंतु वीस मिनिटे गेल्यावर ती उतरू लागली, पाऊण तासाने गांध जवळजवळ सपाट झाली, दुसऱ्या दिवशी तेथे एक कठीणसा लाल ठिपका उरला, आणि चौथ्या दिवशी त्याकडे माझे लक्षही जात नव्हते. कोपराजवळ मात्र पहिल्याच खाजवण्यात विलक्षण समाधान वाटले, आणि ते जेमतेम मिनिटभर टिकले. मग खाज दुणावून परत आली, पुन्हा खाजवले, पुन्हा ती आली, आणि रात्री झोपेपर्यंत त्वचा सोलवटून पाण्यासारखी लस येऊ लागली होती. त्या जागी खपली धरली, ती झोपेत निघाली, पुन्हा धरली, आणि विसर्जन होऊन गेले तरी ती जखम ओली होती. दंश दोन्ही सारखे होते. फरक केवळ माझ्या नखांनी केला होता, आणि या लेखात मला जे सांगावयाचे आहे ते सारे या एका गोष्टीभोवती फिरणारे आहे.

रक्त शोषणारा डास ही मादी असते. नर फुलांतील मधुरसावर व वनस्पतींच्या रसावर जगतो, आणि मादीही एरवी त्यावरच निर्वाह करते, परंतु अंडी तयार करण्यास लागणारी प्रथिने तिला रक्तावाचून पुरेशी मिळत नाहीत. तिची सोंड म्हणजे साधी सुई नसून, बाहेरच्या मऊ म्यानात सहा अतिसूक्ष्म शलाका बसविलेल्या असतात. टोचताना म्यान मागे दुमडते आणि शलाका तेवढ्या आत शिरतात, त्यांपैकी दोन करवतीसारख्या दात्यांनी वाट करून देतात, एकीतून लाळ आत सोडली जाते व दुसरीतून रक्त वर ओढले जाते. या लाळेतील द्रव्ये रक्त गोठू देत नाहीत आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंद ठेवतात. हीच लाळ आपल्या शरीरास परकी वाटते आणि त्वचेतील पहारेकरी पेशी हिस्टामिन नावाचे द्रव्य सोडतात. त्याने रक्तवाहिन्यांतील द्रव भोवती पाझरून सूज येते, आणि तेथील ज्ञानतंतूंची टोके चेतवली जाऊन खाज उत्पन्न होते. ही पहिली गांध साधारण वीस मिनिटांत कळसास पोहोचून ओसरते. तिच्यामागून, शरीराच्या दुसऱ्या व मंदगती प्रतिक्रियेमुळे, एक लहान कठीण पुळी येते, ती चोवीस ते छत्तीस तासांनी सर्वाधिक ठळक होते आणि आठवडा-दहा दिवसांत विरून जाते. खाजेचा मार्ग असा ठरलेला असल्यामुळे, तिच्यात ढवळाढवळ न करता तो काळ सुसह्य करणे एवढेच उपचाराचे प्रयोजन उरते.

एकाच ओसरीवर बसलेल्या चार माणसांपैकी एकाच्या अंगावर रुपयाएवढ्या गांधी उठाव्यात आणि दुसऱ्यास काहीच होऊ नये, याचे कारण आपल्याकडे रक्ताच्या गोडीत शोधले जाते. डास कोणाकडे अधिक ओढले जातात हे उच्छ्वासातील कर्बवायू, अंगाची ऊब आणि घामाचा गंध यांवर पुष्कळसे अवलंबून असते, रक्ताच्या गोडीवर नव्हे. आणि कोणास किती खाज सुटते हा तर निराळाच प्रश्न आहे. केनेथ मेलन्बी या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १९४६ साली त्याचा उलगडा मोठ्या सुबकतेने केला. ज्यास पूर्वी त्या जातीचा डास कधीच चावलेला नाही त्यास प्रथम काहीच होत नाही. मग काही दंशांनंतर केवळ दुसऱ्या दिवशीची पुळी येऊ लागते. त्यानंतर तात्काळची गांध आणि उशिराची पुळी अशी दोन्ही येतात. पुढे केवळ तात्काळची गांध उरते. आणि पुष्कळ काळ पुष्कळ डास चावल्यावर शरीर त्या लाळेस इतके सरावते की, पुन्हा काहीच होत नाही. तान्ह्या मुलास कित्येकदा दंशाचा पत्ता लागत नाही, दोन ते दहा वर्षांच्या मुलांची मात्र दुर्दशा होते, आणि जन्म शेतात काढलेल्या वृद्धास डास चावला काय, न चावला काय, सारखेच असते, त्याचे मर्म यात आहे. शहरातून गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्याच्या मुलांना गावच्या मुलांपेक्षा अधिक गांधी उठतात, म्हणून त्यांना नाजूक म्हणून चिडविणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. ती मुले या क्रमाच्या मधल्या पायरीवर उभी असतात, इतकेच.

आपल्या प्राचीन वैद्यकाने या विषयाची घेतलेली दखल पाहून मी स्तिमित झालो. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात डासांचे पाच प्रकार सांगितले असून, त्यांच्या दंशाने तीव्र कंडू व सूज उत्पन्न होते असे म्हटले आहे. आणि लगेच पुढे, नखांनी ओरबाडल्यास दाहयुक्त पुळ्या उठून त्या पिकतात, असाही निर्देश आहे. जंतू कोणी पाहिलेले नसताना, त्वचेतील पेशींची वार्ताही नसताना, केवळ निरीक्षणाच्या बळावर त्या आचार्यांनी खाज आणि पू यांच्यामध्ये नख उभे असलेले पाहिले, ही गोष्ट मला सूक्ष्मदर्शकाखालील कोणत्याही शोधाइतकीच आदरणीय वाटते. नखाखाली राहणारे जंतू सोलवटलेल्या त्वचेतून आत शिरतात, हे आज आपण जाणतो. खाजवल्याने होणारी बारीकशी वेदना खाजेस क्षणभर झाकून टाकते, परंतु तेच घर्षण त्वचेतील दाह वाढवून खाजेस नवे इंधन पुरविते, हेही जाणतो. परंतु उपदेश तोच राहिला आहे.

आता प्रत्यक्ष उपायांकडे वळू. डास चावल्याचे ध्यानात येताच ती जागा साध्या साबणाने व पाण्याने धुवावी, पंच्याने घासून न पुसता टिपून कोरडी करावी आणि लगोलग तिला गारवा द्यावा. घरात बर्फ असेल तर तो मऊ फडक्यात गुंडाळून दंशावर दहा मिनिटे धरावा. उघडा बर्फ त्वचेवर धरू नये, त्याने त्वचा भाजल्यासारखी होते. बर्फ नसल्यास माठातल्या पाण्यात भिजवून पिळलेली कापसाची अथवा सुती कापडाची घडी तेच काम करते, फक्त ती गरम होताच पुन्हा भिजवावी लागते. गारव्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि ज्ञानतंतूंची चेतना मंदावते, म्हणून सूज आणि खाज या दोहोंवर त्याचा अंमल चालतो. माझ्या अनुभवात या एका उपायाने पहिली वीस मिनिटे निभावून जातात, आणि ती निभावली की अर्धी लढाई संपते. हात फारच शिवशिवू लागला तर नखे न लावता, उघड्या तळहाताने दंशावर हलके थोपटावे, अथवा अंगठ्याच्या मऊ पेराने तो दाबून धरावा. दंशावर नखाने फुली उमटविण्याची सवय अनेकांस असते, आणि क्षणभर बरे वाटते म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परंतु तीही नखाचीच इजा आहे, तेव्हा ती सोडावी. उलथने अथवा चमचा तापवून दंशावर टेकविण्याचा उपाय तर मुळीच करू नये. विशिष्ट तापमानाची ऊब काही क्षण दिल्याने खाज कमी होते हे खरे असले, तरी चुलीवर तापविलेल्या चमच्याचे तापमान कोणी मोजीत नाही, आणि मुलांच्या हातापायांवर अशा उपायाचे व्रण मी पाहिले आहेत.

गारव्यानंतर लेपांची पाळी येते. औषधांच्या दुकानात मिळणारे गुलाबी कॅलामाइन लोशन हे जस्ताच्या भस्मापासून केलेले, स्वस्त आणि निरुपद्रवी औषध आहे. त्याचा गुलाबी रंग त्यात मिसळलेल्या थोड्याशा लोहभस्माचा असतो. बाटली नीट हलवून, कापसाच्या बोळ्याने ते दंशावर लावावे आणि आपोआप वाळू द्यावे. वाळताना जे पाणी उडून जाते त्याचा गारवा आणि मागे उरलेल्या भुकटीचा कोरडेपणा, दोन्ही उपयोगी पडतात. सोलवटलेल्या, लस येणाऱ्या जागी मात्र ते लावू नये. लोशन घरी नसेल तर खाण्याचा सोडा चमचाभर घेऊन, त्यात लेप होण्यापुरतेच थेंब-थेंब पाणी मिसळून तो दंशावर दहा मिनिटे ठेवावा आणि मग धुऊन टाकावा. कोरफडीचे पान चिरल्यावर प्रथम जो पिवळा चीक गळतो तो पूर्ण निथळू देऊन, आतला स्वच्छ गर लावला तर थंडावा मिळतो. खोबरेल तेलात किंचित कापूर विरघळवून लावण्याची कोकणातली जुनी चाल मोठ्या माणसांपुरती मला मान्य आहे. परंतु दोन वर्षांखालील मुलांस कापूर लावू नये आणि कापराची डबी मुलांच्या हाती लागेल अशी देवापुढे उघडी ठेवू नये, कारण तो थोडासा जरी पोटात गेला तरी लहान मुलांस झटके येतात. हळदीचा लेप बहुतेकांस सोसतो. ज्यास त्याने अधिक आग होते त्याने तो धुऊन टाकावा.

काही उपायांस मात्र स्पष्ट विरोध करणे मी माझे कर्तव्य समजतो, आणि त्यांत पहिला मान चुन्याचा आहे. पानतंबाखूच्या निमित्ताने चुन्याची डबी घरोघरी असते आणि गांधील माशी असो, मुंगी असो वा डास असो, बोटभर चुना लावून मोकळे होण्याची रीत सर्वत्र आहे. विरलेला चुना तीव्र दाहक असतो. ओलसर, चोळलेल्या त्वचेवर तो पुष्कळ वेळ राहिला तर ती जळते, आणि आपोआप बुजणाऱ्या पुळीच्या जागी पंधरा दिवसांची जखम होऊन बसते. लसणीची पाकळी चोळल्यानेही अशीच भाजल्यासारखी आग होते. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्या रसाचा व सूर्यकिरणांचा संयोग होऊन त्वचेवर फोड आणि मग काळे चट्टे येतात. दंतमंजनाच्या नळीतील पेस्ट पुदिन्याच्या अर्कामुळे प्रथम गार वाटते खरी, परंतु तिच्यातील फेस आणणारी द्रव्ये व सुगंध दाह वाढवतात. रॉकेल लावण्याबद्दल काही लिहिण्याची पाळी येऊ नये, परंतु ती अजून येते, म्हणून लिहितो: लावू नये. आणि थुंकी लावणे म्हणजे तोंडातील जंतूंना जखमेची वाट दाखविणे होय.

औषधांच्या दुकानातील मलमांविषयी थोडे विस्ताराने सांगणे जरूर आहे. एक टक्का हायड्रोकॉर्टिसोनचे सौम्य मलम मोठ्या माणसाने अगदी पातळ थरात, दिवसातून एक-दोन वेळा, दोन-चार दिवस लावले तर दुसऱ्या दिवशीच्या कठीण पुळीची खाज चांगली उतरते; ते चेहऱ्यावर, डोळ्यांभोवती आणि फुटलेल्या त्वचेवर लावू नये, आणि मुलांस डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून लावू नये. परंतु खाजेचे मलम द्या, असे म्हणून काउंटरवरून जी नळी हातात पडते, तिच्यात पुष्कळदा एक अत्यंत जोरदार स्टेरॉइड, एक बुरशीनाशक आणि एक प्रतिजैविक अशी तिहेरी सरमिसळ असते. खाज एका रात्रीत थांबते, त्यामुळे तिची कीर्ती घरभर पसरते, मग ती नळी गजकर्णास, मुरुमास, गोरेपणासदेखील वापरली जाते. त्वचा कागदासारखी पातळ होते, तीवर लाल शिरा दिसू लागतात, आणि गजकर्ण तर वरून निवल्यासारखे दिसत अंगभर पसरते. असली अनेक मलमे चिठ्ठीवाचून विकू नयेत असा हुकूम केंद्र सरकारने २०१८ साली काढला, तथापि त्याची अंमलबजावणी ग्राहकाने नळीवरचे नाव वाचण्याइतकी दक्षता घेतल्यावाचून पुरी व्हावयाची नाही. डासाच्या दंशास असल्या औषधाची मुळीच गरज नसते.

ज्याच्या अंगावर एकाच वेळी अनेक गांधी उठतात, त्यास पोटात घेण्याची गोळी अधिक उपयोगी पडते. सेटिरिझिनची १० मिलिग्रॅमची एक गोळी प्रौढ माणसाने रात्री घेतली तर खाज आणि सूज दोन्ही कमी होतात. फिनलंडमध्ये, जेथे उन्हाळ्यात डासांचे ढगच्या ढग उठतात, त्वचारोगतज्ज्ञांनी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात केलेल्या प्रयोगांत हे औषध आधीपासून घेणाऱ्यांस गांधी लहान उठल्या व खाज कमी झाली असे आढळले. यास्तव ज्यांना दरवर्षी हा त्रास मोठ्या प्रमाणात होतो त्यांनी गावी जाण्यापूर्वीच डॉक्टरांस विचारून तजवीज करावी. या गोळीने कोणाकोणास सुस्ती येते, तेव्हा ती घेऊन वाहन चालवू नये. मुलांची मात्रा वय आणि वजन पाहून डॉक्टरांनीच ठरवावयाची असते.

त्याच गणपतीत पुण्याहून आलेल्या माझ्या सहा वर्षांच्या भाचीच्या दोन्ही पोटऱ्या पहिल्याच रात्री गांधींनी भरून गेल्या. मध्यरात्री तिच्या मुसमुसण्याने मी जागा झालो, तेव्हा माझी आई कंदिलासारखी मंद केलेली बॅटरी जवळ घेऊन तिच्या पायाशी बसली होती. मी तिचे हात धरले, तर ती कळवळून म्हणाली, "मामा, एकदाच खाजवू दे ना, एकदाच!" आईने मला हात सोडायला सांगितले आणि तिचा तळवा आपल्या हातात घेऊन म्हणाली, "नखांनी नको गो बाळा, हातानं थोपट. हे बघ, अशी थोपट. मी म्हणते तोवर थोपटायचं." मग ती आरतीच्या ठेक्यात हळूहळू मोजू लागली, आणि ओल्या फडक्याची घडी बदलता-बदलता मुलगी झोपली. मुलास केवळ खाजवू नकोस असे सांगणे व्यर्थ असते, त्याच्या हातास दुसरे काम द्यावे लागते, हे मी त्या रात्री शिकलो. सकाळी उठल्यावर आईने तिची नखे बोटांच्या कडेपर्यंत बारीक कापून कानशीने गुळगुळीत केली, आणि रात्री हातांत जुने, मऊ, धुतलेले पायमोजे चढविले. झोपेत हात आपल्या ताब्यात नसतात, म्हणून मुलांच्या बाबतीत ही व्यवस्था औषधाइतकीच मोलाची आहे.

तरीही पहिल्या रात्री जे व्हावयाचे ते एका ठिकाणी होऊन गेले होते. तिसऱ्या दिवशी घोट्याजवळच्या एका पुळीवर मधासारखी पिवळट, चिकट खपली धरली आणि भोवताली तशाच दोन लहान पुळ्या उठल्या. अशी मधाच्या रंगाची खपली म्हणजे जंतूंनी घर केल्याची खूण होय. ती मुलांमध्ये एकाची दुसऱ्यास लागते, तेव्हा त्या मुलाचा पंचा वेगळा ठेवावा आणि डॉक्टरांकडे जाण्यास दिरंगाई करू नये. तालुक्याच्या डॉक्टरांनी दिलेल्या प्रतिजैविकाने आठवड्यात ती बरी झाली. दंशाभोवतीची लाली दिवसागणिक पसरत असेल, हात लावल्यास ती जागा कढत व दुखरी लागत असेल, पू दिसत असेल, तेथून अंगाच्या दिशेने लाल रेघ चढत असेल, अथवा ताप आला असेल, तर त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी. काही मुलांच्या डोळ्याची पापणी अथवा संपूर्ण पंजा दंशानंतर काही तासांतच सुजतो. ती बहुधा लाळेचीच तीव्र प्रतिक्रिया असते, कारण जंतूंना बस्तान बसविण्यास त्याहून अधिक वेळ लागतो, परंतु पालकांनी तो निर्णय आपल्या शिरावर न घेता डॉक्टरांस दाखवावे हे उत्तम. क्वचित एखाद्यास दंशानंतर श्वास लागणे, ओठ-जीभ सुजणे, अंगभर गांधी उठून चक्कर येणे असे घडते. तेथे घरगुती उपायांत एक क्षणही न दवडता रुग्णास इस्पितळात न्यावे.

गांध पाहून डास कोणत्या रोगाचा होता हे कळत नाही. सिकंदराबाद येथे २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले, तेव्हापासून डासाचे नाव केवळ खाजेपुरते राहिले नाही. रात्री चावणारा ॲनॉफिलीस हिवताप देतो. पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस दिवसाढवळ्या, बहुधा घोट्यांजवळ, चावून डेंग्यू व चिकुनगुन्या देतो. यास्तव दंशानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत थंडी वाजून ताप, डोळ्यांच्या खोबणीत वेदना, सांधे धरणे अशी लक्षणे दिसली तर रक्त तपासून घ्यावे. तोपर्यंत तापासाठी पॅरासिटामॉलच घ्यावे. ॲस्पिरिन अथवा आयबुप्रोफेन घेऊ नये, कारण डेंग्यू असल्यास त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरू लागला असताना पोटात तीव्र कळा, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त अथवा विलक्षण ग्लानी दिसली तर तो बरे होण्याचा टप्पा समजू नये. डेंग्यूतील धोक्याचा काळ तोच असतो.

डास चावू नयेत म्हणून करावयाच्या बंदोबस्ताचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, तरी दोन गोष्टी येथे सांगतो. मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली असावी, आणि ती दिवेलागणीपूर्वी खोचावी. रात्री दहा वाजता खोचलेली मच्छरदाणी पुष्कळदा आतल्या डासांना बाहेर जाऊ देत नाही, इतकेच काम करते. दुसरी गोष्ट साठवणीच्या पाण्याची. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सारी भांडी रिकामी करून कोरडी ठेवावी, असा जो कोरडा दिवस पाळण्याचा आग्रह आरोग्य खाते धरते, तो अगदी हिशेबी आहे. मात्र पिंप नुसते पालथे केल्याने भागत नाही. एडिसची अंडी पिंपाच्या आतल्या भिंतीस, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. तेव्हा ती कड काथ्याने खसखसून घासली पाहिजे. ज्या टाकीचे पाणी ओतता येत नाही तीत गप्पी मासे सोडावेत. विहिरींचा प्रश्न तर जुनाच आहे. मुंबईतील हिवतापाचा तपास करणाऱ्या डॉ. बेंटली यांनी आपला अहवाल १९११ साली सादर केला, त्यात घराघरांतील विहिरींवर बोट ठेवले होते. विहिरी झाका अथवा बुजवा असे हुकूम सुटताच लोकांनी, विहिरीस दैवत मानणाऱ्या पारशी व हिंदू घरांनी विशेषतः, तक्रारअर्जांचा वर्षाव केला. त्या भावनेबद्दल मला आदर आहे. परंतु घट्ट झाकण बसविलेली, डासास शिरण्यास फटही न ठेवलेली विहीर तितकीच पूज्य राहू शकते.

दंश बरा झाल्यावर उरणाऱ्या काळपट डागांविषयी, विशेषतः मुलींच्या आया, मला पुष्कळ विचारतात. आपल्या सावळ्या त्वचेत दाह झाला की तेथे रंगद्रव्य अधिक साठते, आणि तो डाग ओसरण्यास आठवडे नव्हे, महिने लागतात. त्यावर गोरे करणारी मलमे, लिंबू, ब्लीच असले काही लावू नये. त्याने नवा दाह होऊन डाग गडद होतो. ती जागा कपड्याने झाकावी, उन्हात जाणे असेल तर सनस्क्रीन लावावे, आणि रोज साधे खोबरेल लावून वाट पाहावी. माझ्या मनगटावरच्या दंशाची खूण दिवाळीच्या अभ्यंगस्नानाच्या वेळी शोधूनही सापडली नाही. कोपराजवळचा डाग संक्रांतीपर्यंत होता.